संगणक प्रणालीला धनी हवा

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, मीरा रोडच्या पूर्वेस, हाटकेश नावाचा परिसर आहे. उद्योगनगरातील लहान कारखान्यांचे गाळे, त्यांना लागून उभ्या राहिलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आणि रस्त्याच्या कडेची दुकाने असे त्याचे संमिश्र स्वरूप आहे. अशा वस्तीतील एखादा गाळा किती दप्तरांत नोंदलेला असतो, याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. मालमत्ता कराच्या देयकावर त्याला एक क्रमांक असतो, पाणीपट्टीच्या देयकावर दुसरा आणि व्यवसाय परवान्यावर तिसरा. त्याच्या बांधकामाची नस्ती नगररचना विभागात असते, खरेदीचा दस्त दुय्यम निबंधकांकडे असतो आणि ज्या जमिनीवर तो उभा आहे, तिची नोंद महसूल खात्याच्या अभिलेखात असते. गाळा एक, दप्तरे सहा. तो विकला गेला आणि एखाद्या दप्तरात नाव बदलायचे राहून गेले, तर जुन्या मालकाच्या नावाची मागणीची नोटीस नव्या मालकाच्या दारी येत राहते.

आता ही सहाही दप्तरे संगणकावर आणली, असे समजू. नागरिकाचे हेलपाटे त्यामुळे संपतील काय? प्रत्येक विभागाने आपापल्या सोयीची आज्ञावली घेतली असेल, तर ते संपणार नाहीत. कागदावरील सहा नोंदींच्या जागी संगणकातील सहा नोंदी येतील, एवढाच फरक पडेल. गोंधळ तोच राहील. फक्त तो अधिक वेगाने होऊ लागेल.

आज्ञावली कशी लिहावी, हा तंत्रज्ञांचा प्रश्न आहे. परंतु ती कशासाठी लिहावी, तिच्यात आधी काय आणि नंतर काय यावे, काय मुळीच येऊ नये आणि हे सारे कोणी ठरवावे, हा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे. मोठ्या संस्थांसाठी संगणक प्रणाली तयार करणाऱ्या उद्योगात या विचाराचे एक स्वतंत्र शास्त्र विकसित झाले असून त्याला ‘उत्पादन व्यवस्थापन’ असे म्हणतात. दृष्टी, धोरण आणि उत्तरदायित्व ही त्याची तीन अंगे होत. आज राज्यातील जवळजवळ प्रत्येक कार्यालय, शाळा आणि ग्रामपंचायत कोणत्या ना कोणत्या प्रणालीवर काम करीत असल्यामुळे हा विचार केवळ उद्योजकांपुरता राहिलेला नाही.

वाढत्या नगराची दप्तरे

हाटकेशचे उदाहरण घेण्यास आणखी एक कारण आहे. भाईंदर, मीरा, काशी, नवघर आणि घोडबंदर या पाच ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. पुढे आणखी काही ग्रामपंचायती तीत समाविष्ट झाल्या आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली.

ग्रामपंचायतीत घरांची कर आकारणी नमुना ८ मध्ये आणि कराची मागणी नमुना ९ मध्ये ठेवली जाते, हे पंचायत सदस्यांना परिचित आहे. शंभर-दोनशे घरांच्या गावात ही नोंदवही पुरेशी असते, कारण वहीत जे लिहिलेले नसते ते गावाला तोंडपाठ असते. अमक्याचे घर त्याच्या पुतण्याकडे गेले, हे सांगण्यास कागद लागत नाही. परंतु गाव वाढून नगर झाले आणि भाडेकरू, मालक, विकासक व गृहनिर्माण संस्था असे अनेक हक्कदार निर्माण झाले, म्हणजे ही तोंडी स्मृती नाहीशी होते. तिची जागा संगणक प्रणालीला घ्यावी लागते. म्हणूनच अशी प्रणाली केवळ जलद टंकलेखनाचे साधन ठरत नाही. ती संस्थेची स्मृती ठरते आणि त्या स्मृतीत चूक झाली, तर तिचे परिणाम नागरिकाच्या हक्कांवर होतात.

पूल आणि पाणीपुरवठा योजना

शासकीय कामकाजात ‘प्रकल्प’ ही कल्पना रुळलेली आहे. प्रकल्पाला मंजुरी मिळते, निविदा निघते, काम पूर्ण होते, उद्घाटन होते आणि शेवटचे देयक अदा झाल्यावर नस्ती बंद होते. पुलाच्या बाबतीत हे बहुतांशी योग्य आहे. पूल बांधून झाल्यावर त्याची देखभाल लागते. पण दरवर्षी त्याचा आराखडा बदलावा लागत नाही.

संगणक प्रणालीचे साम्य पुलापेक्षा गावच्या नळपाणी योजनेशी अधिक आहे. टाकी बांधली, नळ टाकले, म्हणजे योजना संपली असे कोणी मानीत नाही. रोज पंप चालवणारा माणूस लागतो, पाणीपट्टी वसूल व्हावी लागते, नवी वस्ती झाली की वाहिनी वाढवावी लागते आणि कोणत्या आळीला कोणत्या वेळी पाणी सोडायचे, हे कोणाला तरी ठरवावे लागते. ज्या गावात हे ठरवणारा कोणी नसतो, तेथे टाकी उभी असते आणि बायका हंडे घेऊन विहिरीवर जातात. संगणक प्रणालीचेही असेच आहे. कराचे दर बदलतात, कायद्यात दुरुस्ती होते, नवा विभाग निर्माण होतो, नागरिक भ्रमणध्वनीवरून देयक भरू लागतात. प्रणाली या बदलांबरोबर वाढली नाही, तर कर्मचारी हळूहळू शेजारी एक वही उघडतात आणि खरे काम त्या वहीत चालू लागते.

उत्पादन व्यवस्थापनाचा पहिला सिद्धान्त यातूनच निघतो. संगणक प्रणालीला पूर्ण होण्याची तारीख नसते. ती जोवर वापरात आहे, तोवर तिचे पालनपोषण करावे लागते.

मागणीबरहुकूम की सर्वांसाठी?

दुसरा प्रश्न असा की, प्रत्येक संस्थेसाठी प्रणाली नव्याने घडवावी की अनेकांना उपयोगी पडेल अशी एकच घडवावी? उद्योगनगरातील कारागिराला हा पेच चांगला समजेल. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा साचा करायचा ठरवले, तर गिऱ्हाईक खूश होते. पण साच्यांचाच खर्च अंगावर येतो आणि जुना साचा दुरुस्त करण्यातच दिवस जातो.

जगात या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर जर्मनीत मिळाले. १९७२ मध्ये आयबीएम या कंपनीतून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी ‘सॅप’ ही कंपनी स्थापन केली. आयसीआय या रसायन उद्योगाची जर्मनीतील शाखा त्यांची पहिली ग्राहक होती. हिशेब, खरेदी, साठा ही कामे सर्वच कारखान्यांत सारख्या स्वरूपाची असतात. मग प्रत्येकासाठी ती पुन्हा का लिहावीत, असा त्यांचा विचार होता. त्यातून सर्वसाधारण व्यवसायांसाठी तयार प्रणाली विकण्याचा मोठा उद्योग उभा राहिला.

महाराष्ट्रातही याचे ठळक उदाहरण आहे. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात प्रक्रिया क्षेत्रात १९८५ मध्ये सिटिकॉर्प या अमेरिकन बँकसमूहाची एक संगणक कंपनी सुरू झाली. प्रारंभी तिचे काम मुख्यतः आपल्याच समूहासाठी आज्ञावल्या लिहिण्याचे होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याच समूहातून दुसरी एक कंपनी वेगळी निघाली. राजेश हुक्कू यांच्या नेतृत्वाखाली तिने जगातील इतर बँकांना विकता येईल असे स्वतःचे उत्पादन करण्याचे ठरवले. ‘मायक्रोबँकर’ हे तिचे आरंभीचे उत्पादन. १९९७ मध्ये ‘फ्लेक्सक्यूब’ ही बँकांची संपूर्ण प्रणाली बाजारात आली. कंपनीचे नाव २००० मध्ये ‘आय-फ्लेक्स सोल्यूशन्स’ झाले आणि २००५ मध्ये ओरॅकल या कंपनीने तीत मोठा हिस्सा घेतला. त्या काळी भारतातील बहुतेक संगणक कंपन्या परदेशी ग्राहकांना मनुष्यबळ पुरवण्यावर चालत होत्या. अशा वेळी मुंबईत घडलेले उत्पादन अनेक देशांतील बँका वापरू लागल्या, हे त्या निर्णयाचे वैशिष्ट्य होय.

अशा प्रणालीची रचना समजून घेण्यासारखी आहे. बँकेचे व्याजदर, सुट्ट्यांचे दिवस, चलन, मंजुरीचे अधिकार या गोष्टी देशोदेशी वेगळ्या असतात. त्या आज्ञावलीच्या पोटात घट्ट बांधून न टाकता कोष्टकात ठेवल्या, तर प्रत्येक बँक आपले कोष्टक भरून घेते आणि मूळ आज्ञावली सर्वांची एकच राहते. काय समान ठेवायचे आणि काय बदलता यावे, ही सीमारेषा आखणे हे उत्पादन व्यवस्थापनातील सर्वांत कठीण काम समजले जाते. सीमा फार आत आखली, तर प्रणाली कोणालाच सोयीची होत नाही; फार बाहेर आखली, तर प्रत्येक ग्राहकाची प्रणाली निराळी होऊन एकाची सुधारणा दुसऱ्याला लागू पडत नाही.

नागरी संस्थांच्या बाबतीत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभी केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. मुंबईच्या एबीएम नॉलेजवेअर या कंपनीच्या साहाय्याने तेथे विविध विभागांचे संगणकीकरण झाले आणि नागरिकांसाठी एकाच ठिकाणी सेवा देणारे केंद्र सुरू झाले. एका नगरासाठी केलेली ही प्रणाली इतर नागरी संस्थांनाही उपयोगी पडावी, असा विचार पुढे राज्यस्तरावर झाला. येथेच मागणीबरहुकूम केलेल्या कामाचे उत्पादनात रूपांतर होण्यास प्रारंभ होतो आणि सीमारेषेचा प्रश्न उभा राहतो. एका नगराचे कराचे सूत्र दुसऱ्या नगरात चालेल काय? अर्जाच्या मंजुरीच्या पायऱ्या सर्वत्र सारख्या असतील काय?

पुष्कळदा याचे उत्तर संगणकाच्या बाहेर शोधावे लागते. बांधकाम परवानगीचे नियम पूर्वी नगरागणिक वेगळे होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने बृहन्मुंबई व काही विनिर्दिष्ट क्षेत्रे वगळून राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. मीरा-भाईंदरही तिच्या कक्षेत आले. नियम एक झाल्यानंतर नकाशे तपासणारी प्रणाली एक करणे सुकर होते. नियमांची विविधता तशीच ठेवून प्रणाली मात्र एक असावी, असा आग्रह धरला, तर दोष तंत्रज्ञांच्या माथी जातो आणि मूळ कारण तसेच राहते.

दृष्टी : सातबाराचा धडा

‘दृष्टी’ हा शब्द भाषणांत सैलपणे वापरला जातो. उत्पादन व्यवस्थापनात त्याचा अर्थ नेमका आहे. ही प्रणाली यशस्वी झाली, तर ती वापरणाऱ्या माणसाच्या जीवनात कोणता बदल झालेला असेल, हे एक-दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. ‘कार्यालयाचे आधुनिकीकरण करणे’ ही दृष्टी नव्हे. ‘शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा उतारा कोणाच्याही पाया न पडता, कोठूनही मिळावा आणि त्यावर कोणालाही विश्वास ठेवता यावा’, ही दृष्टी होय.

सातबाराच्या संगणकीकरणाची वाटचाल या दृष्टीने उद्बोधक आहे. केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक कार्यक्रम देशातील आठ जिल्ह्यांत हाती घेतला. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. हस्तलिखित उतारे संगणकात भरावेत आणि मागणी होताच छापून द्यावेत, असे सुरुवातीच्या काळातील कामाचे स्वरूप होते. त्यामुळे छपाई सुवाच्य झाली. परंतु खरा अभिलेख तलाठ्याच्या हस्तलिखित दप्तरातच राहिला. दोन दप्तरे निर्माण झाली आणि त्यांत तफावत पडू लागली. फेरफार कागदावर मंजूर व्हायचा आणि संगणकात मागाहून भरला जायचा किंवा राहून जायचा.

पुढे विचारात मूलभूत बदल झाला. संगणकातील नोंद ही कागदाची नक्कल न राहता फेरफाराची प्रक्रियाच संगणकात व्हावी, असे ठरले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने तयार केलेल्या ई-फेरफार आज्ञावलीत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या दस्ताची माहिती महसूल यंत्रणेकडे येते, फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी कायद्याने ठरलेली १५ दिवसांची मुदत मोजली जाते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जुन्या आणि संगणकीकृत नोंदी जुळवण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचनाची मोहीम झाली. उतारे लोकांसमोर वाचून दाखवून चुका दुरुस्त करण्याचा तो मार्ग होता. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. राज्यातील सातबारा उताऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी असल्याचे लक्षात घेतले, म्हणजे या कामाची व्याप्ती कळते.

या वाटचालीत सुमारे तीन दशके गेली. यंत्रांची व जोडणीची कमतरता हे त्याचे एक कारण होते. परंतु दृष्टी बदलल्यावाचून केवळ यंत्रे वाढवून हा पल्ला गाठता आला नसता. ‘उतारा छापणे’ हे उद्दिष्ट असताना छपाईयंत्र महत्त्वाचे होते. ‘नोंद विश्वसनीय करणे’ हे उद्दिष्ट ठरल्यावर चावडी वाचन महत्त्वाचे झाले. संगणकीकरणातील एक निर्णायक पायरी गावच्या चावडीवर, लोकांच्या उपस्थितीत पार पडली, ही गोष्ट प्रत्येक संस्थाप्रमुखाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

धोरण म्हणजे क्रम आणि नकार

दृष्टी दिशा दाखवते. धोरण वाट ठरवते. मनुष्यबळ, निधी आणि वेळ मर्यादित असताना आधी काय करावे आणि काय करू नये, यासंबंधीचा विचारपूर्वक निर्णय म्हणजे धोरण. इच्छांची लांबलचक यादी हे धोरण नव्हे.

हाटकेशच्या गाळ्याकडे पुन्हा वळू. अशा नगराने ‘एका मालमत्तेची एकच ओळख’ ही दृष्टी स्वीकारली, असे समजू. मग क्रम कोणता असावा? प्रथम मालमत्तांचे सर्वेक्षण करून प्रत्येकीला कायमचा एक क्रमांक द्यावा लागेल. त्यानंतर तोच क्रमांक पाणीपट्टी आणि व्यवसाय परवान्याच्या नोंदींत घालावा लागेल. मग एका ठिकाणी झालेला मालकीचा बदल इतर विभागांना आपोआप कळावा, अशी व्यवस्था करता येईल. नागरिकांसाठी आकर्षक भ्रमणध्वनी सुविधा ही त्यानंतरची पायरी होय. प्रत्यक्षात मोह उलट क्रमाचा असतो, कारण सर्वेक्षणाचे उद्घाटन करता येत नाही. दर्शनी सुविधेचे करता येते. पाया न घालता केलेली दर्शनी सुविधा नागरिकाला चुकीचे देयक अधिक सुलभतेने दाखवते, इतकेच.

लहानसहान भासणारे निर्णयही धोरणात मोडतात. पूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी अक्षरसंचांत टंकित होत असे. तो छापून नीट दिसे. पण दुसऱ्या संगणकावर वाचता येत नसे किंवा शोधता येत नसे. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीचा स्वीकार केल्यावर ही अडचण दूर झाली. तरीही ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन माणसे असतात. नावे कशी लिहावीत, पत्ता किती भागांत नोंदवावा, हे आरंभीच ठरवले नाही, तर पुढे लक्षावधी नोंदी शुद्ध कराव्या लागतात.

प्रणाली सुरू झाली की, सर्व बाजूंनी सूचना येऊ लागतात. एका विभागाला नवा अहवाल हवा असतो, दुसऱ्याला अर्जात नवा रकाना हवा असतो. प्रत्येक सूचना सुटी पाहिली, तर रास्त वाटते. सर्व मान्य केल्या, तर अर्ज चार पानांचा होतो आणि प्रणाली मंदावते. अशा सूचनेला चार प्रश्न विचारावेत. तिने ठरलेल्या दृष्टीकडे पाऊल पडते काय? तिचा उपयोग किती जणांना, किती वेळा होईल? ती न केल्यास कोणाचे काय अडेल? ती केल्यास पुढे कायम सांभाळण्याचा भार किती? या प्रश्नांना समाधानकारक उत्तर नसेल, तर नम्रतेने नकार देणे हे कर्तव्य ठरते.

एकाच वेळी सर्व काही करण्याचा अट्टहास किती महाग पडतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी २००२ मध्ये देशव्यापी संगणक कार्यक्रम आरंभला गेला. प्रत्यक्ष वापरणाऱ्या डॉक्टरांना व रुग्णालयांना पुरेसे सहभागी न करता वरून मोठ्या प्रमाणावर प्रणाली लादण्याचा प्रयत्न झाल्याची टीका त्यावर झाली आणि अब्जावधी पौंड खर्चाचा हा कार्यक्रम गुंडाळण्याचा निर्णय २०११ मध्ये घ्यावा लागला. एक प्रभाग, एक तालुका किंवा एक सेवा निवडून आरंभ करावा, वापरणाऱ्यांकडून शिकावे आणि मग विस्तार करावा, हा मार्ग संथ दिसला तरी सुरक्षित असतो.

धनी कोण?

आता तिसरे अंग. प्रणाली कोणाची? पुरवठादार म्हणतो, कार्यालयाने सांगितले तसे केले. संगणक कक्ष म्हणतो, विभागाने मागणी कळवली नाही. विभाग म्हणतो, आमचे काम नियम पाहण्याचे. खिडकीशी उभ्या असलेल्या नागरिकाला एकच वाक्य ऐकू येते, ‘संगणक घेत नाही.’ संगणक काहीच ठरवीत नाही. कोणीतरी ठरवायचे राहिलेले असते, एवढाच त्या वाक्याचा अर्थ आहे.

उद्योगात ही जबाबदारी उत्पादन व्यवस्थापकाकडे असते. तो आज्ञावली लिहीत नाही आणि पैसेही मोजत नाही. वापरणाऱ्यांची गरज, संस्थेचे उद्दिष्ट आणि तंत्राची मर्यादा या तिन्हींचा मेळ घालून तो प्राधान्यक्रम ठरवतो आणि त्याचे उत्तर देतो. शासकीय संस्थेत हे पद याच नावाने असलेच पाहिजे असे नाही. परंतु हे काम नावानिशी कोणाकडे तरी सोपवलेले असले पाहिजे. ती व्यक्ती त्या विषयाचे नियम जाणणारी असावी. कर प्रणालीचा धनी कर विभागातील जाणकार अधिकारी असावा. त्याच्या पाठीशी तंत्रज्ञ असावेत.

येथे शासनव्यवस्थेची एक स्वाभाविक अडचण आहे. बदल्यांच्या विनियमनासाठी राज्याने केलेल्या २००५ च्या अधिनियमानुसार पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा असतो. चांगली प्रणाली त्याहून कितीतरी अधिक काळ चालते. अधिकारी बदलला की दिशा बदलली, असे होऊ नये, यासाठी दृष्टी, प्राधान्यक्रम आणि नाकारलेल्या सूचना कारणांसह लिहून ठेवल्या पाहिजेत. कार्यभार हस्तांतरित करताना नस्त्यांच्या यादीबरोबर ही टिपणीही दिली जावी.

पुरवठादाराशी होणाऱ्या करारातही धनीपणाचा प्रश्न असतो. नोंदींची मालकी संस्थेची आहे काय? करार संपल्यावर सर्व माहिती, दुसऱ्या प्रणालीला वाचता येईल अशा स्वरूपात, परत मिळेल काय? या प्रश्नांची उत्तरे करारावर सही करण्यापूर्वी मिळाली पाहिजेत. नंतर त्यांची किंमत मोजावी लागते. नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. आवश्यक नसलेली माहिती न मागणे, ही सवय त्यामुळे अधिकच गरजेची झाली आहे.

यशाचे माप

किती संगणक घेतले, किती कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, किती दाखले दिले, हे आकडे सहज मिळतात. म्हणून अहवालांत तेच दिसतात. त्यांवरून श्रम कळतात, फळ कळत नाही. नागरिकाला एका कामासाठी किती वेळा यावे लागले, अर्जापासून निर्णयापर्यंत किती दिवस गेले, किती अर्ज त्रुटीसाठी परत गेले आणि एकच माहिती त्याला किती वेळा द्यावी लागली, हे आकडे खरे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला असून पदनिर्देशित अधिकाऱ्यावर त्याची जबाबदारी टाकली आहे. मुदतीचे दिवस प्रामाणिकपणे मोजणारी प्रणाली हे या हक्काचे साधन होय. मुदत टळू नये म्हणून अर्ज परत पाठवून पुन्हा नव्याने घेण्याची सोय ज्या प्रणालीत असेल, ती त्या हक्काला मारक ठरेल.

ग्रामपंचायत आणि शाळा

ग्रामपंचायतीने किंवा शाळेने स्वतःची प्रणाली घडवावी, अशी अपेक्षा नाही. राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींनी तितक्या आज्ञावल्या केल्या, तर तो अपव्ययच ठरेल. आराखडा, हिशेब आणि कामांची प्रगती यांसाठी पूर्वी वेगवेगळ्या आज्ञावल्या होत्या. त्या एकत्र आणणारी ई-ग्रामस्वराज ही देशव्यापी प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी, राष्ट्रीय पंचायती राज दिनी, सुरू झाली. शाळांची माहिती यू-डायस प्लस प्रणालीत भरली जाते. ही प्रणाली वरून आलेली असली, तरी तिच्या यशात वापरणाऱ्यांचा वाटा मोठा असतो.

तो वाटा कसा उचलावा? सदस्यांनी ग्रामसभेत आराखड्याचा व खर्चाचा संगणकातील उतारा वाचून दाखवावा. चावडी वाचनाने सातबाऱ्याचे जे केले, तेच या वाचनाने पंचायतीच्या हिशेबाचे होईल. अडचण आली, तर ‘प्रणाली चालत नाही’ असे मोघम न कळवता कोणत्या पायरीवर, कोणत्या नोंदीसाठी आणि किती जणांचे काम अडले, हे लिहून कळवावे. अशा तक्रारीतूनच प्रणाली सुधारते. तीच माहिती दोन ठिकाणी भरावी लागत असेल, तर मुख्याध्यापकांनी त्या दोन्ही नमुन्यांची तुलना करून वरिष्ठांना दाखवावी. शिक्षकाचा नोंदी भरण्यात गेलेला तास हा वर्गातून वजा झालेला तास असतो, ही गोष्ट प्रणालीच्या धन्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

हाटकेशचा गाळा असो, विदर्भातील शेताचा सातबारा असो की डोंगराळ पाड्यावरील शाळेचा पट असो. त्या प्रत्येक नोंदीमागे एक माणूस आहे आणि त्याचा हक्क त्या नोंदीवर अवलंबून आहे. यापुढे एखादी नवी प्रणाली आपल्या कार्यालयात येईल, तेव्हा तिचे उद्घाटन कोणाच्या हस्ते आहे याबरोबरच आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. ही कशासाठी आहे? हिने आधी काय करायचे ठरले आहे? आणि उद्घाटनानंतर दुसऱ्या दिवशी हिचा धनी कोण? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या कार्यालयाच्या दप्तरी असतील, तेथे संगणकावर झालेला खर्च नागरिकाच्या पदरात पडेल.